‘फॉरिन अ‍ॅड्रेस’ म्हणजे परदेश नव्हे: आपला कॉम्प्युटर कोणाशी बोलतोय ते कसं वाचायचं

फोनवरचा आवाज अदबशीर असतो. ‘सर, तुमच्या कॉम्प्युटरवरून आमच्याकडे चुकीचे सिग्नल येतायत. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. सीएमडी लिहून एंटर मारा. आता नेटस्टॅट लिहा.’ काळ्या खिडकीत आकड्यांच्या ओळी भराभर उतरतात. ‘वर काय लिहिलंय वाचा बरं. फॉरिन अ‍ॅड्रेस. आणि शेवटी? एस्टॅब्लिश्ड. म्हणजे परदेशातले इतके लोक आत्ता तुमच्या कॉम्प्युटरमध्ये घुसलेत.’ मग ते लोक ‘काढून टाकण्यासाठी’ एक अ‍ॅप उतरवायला सांगितलं जातं. खरा चोर त्या अ‍ॅपमधून आत येतो.

तांत्रिक मदतीच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीतली ही जुनी आणि जगभर वापरली जाणारी युक्ती आहे. अमेरिकेतल्या नागरिकांना फसवणारं बनावट कॉल सेंटर पुणे पोलिसांनी मे २०२५ मध्ये खराडीत उघडकीला आणलं, म्हणजे हा धंदा आपल्या शहरापासून लांब नाही. या युक्तीत पडद्यावरच्या ओळी अगदी खऱ्या असतात, त्यांचा सांगितलेला अर्थ मात्र खोटा असतो. कोणत्याही निरोगी कॉम्प्युटरवर अशा वीस-पंचवीस ओळी सहज दिसतात. त्यांचा अर्थ आपला आपल्याला लावता आला, तर ही थाप पहिल्याच वाक्याला उघडी पडते. शिवाय ज्या दिवशी खरंच काही बिघडलं असेल त्या दिवशी तीच कमांड आपल्या उपयोगी पडते.

नेटस्टॅट हे काय प्रकरण आहे

कमांड म्हणजे माउसऐवजी लिहून दिलेला हुकूम. नेटस्टॅट ही अशी एक कमांड. १९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये ती पहिल्यांदा आली. आज ती विंडोजमध्ये आणि मॅकमध्ये आधीपासूनच असते, लिनक्सवर तिची धाकटी बहीण असते. त्यामुळे ‘नेटस्टॅट डाउनलोड करा’ असं सांगणारी कुठलीही साइट दिसली तर तिकडे फिरकू नका.

या लेखात वापरायची ही कमांड फक्त वाचते. काही बदलत नाही, पुसत नाही, बंद करत नाही. दहा वेळा चालवली तरी कॉम्प्युटरला काही होत नाही, म्हणून धास्ती न बाळगता करून बघा.

वाडा, खोल्या आणि बोळ

पेठेतला एक मोठा वाडा डोळ्यांसमोर आणा. पोस्टमनला वाड्याचा पत्ता माहीत असतो, पण आत वीस बिऱ्हाडं असतील तर पत्रावर खोली क्रमांकही लागतो. कॉम्प्युटरचा आयपी पत्ता म्हणजे वाड्याचा पत्ता, आणि पोर्ट म्हणजे खोली क्रमांक. खोल्या मात्र भरपूर: ० ते ६५,५३५. पत्ता आणि पोर्ट एकत्र लिहिताना मधे विसर्गासारखी दोन टिंबं देतात. १९२.१६८.१.७:५२३४४ याचा अर्थ १९२.१६८.१.७ या वाड्यातली ५२३४४ नंबरची खोली.

काही खोल्यांची कामं ठरलेली आहेत. सुरक्षित वेबसाइट ४४३ वर भेटते, नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस सेवा ५३ वर, विंडोजची दूरस्थ डेस्कटॉप सेवा ३३८९ वर, विंडोजमधली फाइल आणि प्रिंटर वाटून घेण्याची सेवा ४४५ वर. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली सहसा ९००० वर असतं. नेटवर्कवरचा बिलाचा प्रिंटर बहुधा ९१०० वर ऐकतो. आपला ब्राउझर बाहेर बोलायला निघतो तेव्हा तो मात्र परतीच्या उत्तरासाठी एखादी रिकामी खोली तात्पुरती घेतो. विंडोजवर ती ४९१५२ ते ६५५३५ यांतली असते. म्हणून ५२३४४ असा विचित्र आकडा आपल्या बाजूला दिसला तर त्यात काहीही संशयास्पद नाही.

घरातले सगळे कॉम्प्युटर आणि फोन एका बोळात आहेत असं समजा. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ यांतले पत्ते बोळातल्या बोळात चालतात. बाहेरच्या जगाला फक्त बोळाचं तोंड, म्हणजे राउटर, दिसतं. कोणी काय मागवलं होतं हे राउटर लक्षात ठेवतो आणि आलेलं उत्तर त्या-त्या वाड्यात पोचवतो.

चालवायची कशी

आधी थोडी तयारी. ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅपची डेस्कटॉप आवृत्ती, गाणी, मेल, सगळं बंद करा आणि चार-पाच मिनिटं थांबा. गर्दी कमी झाली की यादी वाचता येते. मग विंडोजचं बटण आणि आर, सीएमडी, एंटर.

आता लिहा:

नेटस्टॅट -एएनओ

टाइप अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत करायचं: एन, ई, टी, एस, टी, ए, टी, मग एक जागा सोडून डॅश, मग ए, एन, ओ ही अक्षरं सलग. डॅशच्या आधीची जागा विसरली तर ‘अशी कमांडच नाही’ असं उत्तर येतं. नव्याने शिकणाऱ्यांची सगळ्यात जास्त अडखळ इथेच होते.

तीन अक्षरांचं काम असं. ए मुळे नुसती वाट बघत बसलेली दारंही दिसतात. एन मुळे पत्ते आकड्यांतच राहतात. ते दिलं नाही तर कमांड प्रत्येक पत्त्याचं नाव शोधत बसते आणि यादी मुंगीच्या पावलांनी सरकते. ओ मुळे शेवटी पीआयडी येतो. पीआयडी म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला विंडोजने दिलेला नंबर. तिन्हींत मोलाचं अक्षर ओ, कारण ओळ कुणाची आहे हे त्यावरूनच कळतं.

थेट प्रोग्रामचं नाव हवं असेल तर बी हे अक्षर जोडून नेटस्टॅट -एबीएनओ. यासाठी मात्र कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडावा लागतो, नाहीतर परवानगी हवी असा निरोप देऊन ती थांबते. हिला वेळही लागतो. काही ओळींखाली मालकाची माहिती मिळाली नाही असं लिहून येतं. त्या बहुतेक विंडोजच्या स्वतःच्या असतात, तेवढ्यावरून घाबरू नका.

एक ओळ वाचूया

टीसीपी | १९२.१६८.१.७:५२३४४ | २०३.०.११३.२५:४४३ | एस्टॅब्लिश्ड | ६१२४

पहिला रकाना बोलण्याच्या पद्धतीचा. टीसीपी म्हणजे फोनसारखं: आधी दोन्हीकडून ‘हॅलो’, मग बोलणं, मग ‘ठेवतो’. यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड: टाकलं, झालं. दुसरा रकाना आपलं टोक. तिसऱ्याचं नाव ‘फॉरिन अ‍ॅड्रेस’, आणि सगळी गल्लत या शब्दाने होते. इथे फॉरिन म्हणजे समोरचं टोक, एवढंच. शेजारच्या खोलीतला प्रिंटर असला तरी तो याच रकान्यात येतो. आपलाच एक प्रोग्राम आपल्याच दुसऱ्या प्रोग्रामशी बोलत असेल तर स्वतःचा पत्तासुद्धा ‘फॉरिन’ म्हणून दिसतो, आणि दोन्ही टोकं आपल्याच घरी असल्यामुळे ते एक बोलणं यादीत दोनदा येतं. (उदाहरणातला २०३.०.११३.२५ हा पत्ता खास उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे, तो कुणाचाच नाही.)

तर या ओळीचा अर्थ: आपल्या कॉम्प्युटरवरचा ६१२४ नंबरचा प्रोग्राम समोरच्या एका सर्व्हरच्या ४४३ पोर्टशी सध्या बोलतो आहे. समोर ४४३ आणि आपल्याकडे पन्नास हजारांच्या घरातला आकडा म्हणजे बोलणं बहुधा आपण सुरू केलेलं आहे. उलट, आपल्याकडे ३३८९ आणि समोर मोठा आकडा असेल, तर कोणीतरी बाहेरून आपल्या दारावर आलंय. ही दिशा ओळखायला जमली की निम्मं काम झालं.

६१२४ कोण, हे बघायला कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये जा आणि पीआयडीच्या रकान्यावर टिचकी मारून आकडे क्रमाने लावा. नाव सापडलं की राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’. नुसत्या नावावर विसंबू नका. एसव्हीसीहोस्ट हा विंडोजचा खरा, कामाचा प्रोग्राम आहे आणि तो एकाच वेळी अनेकदा चालू असतो. त्याची जागा सी ड्राइव्हवर विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये. तेच नाव डाउनलोड्समध्ये किंवा टेम्प फोल्डरमध्ये सापडलं, किंवा नावातल्या व्ही आणि सी यांची अदलाबदल झालेली दिसली, तर तो तोतया. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असेल तर बनवणाऱ्या कंपनीचं नावही तिथे तपासता येतं.

पीआयडी ४ म्हणजे खुद्द विंडोज. पीआयडी ० दिसला तर ते संपलेलं बोलणं आहे, त्याला आता मालक उरलेला नाही.

शटर वर, गिऱ्हाईक आलं, गिऱ्हाईक गेलं

चौथा रकाना स्थितीचा. अप्पा बळवंत चौकातलं पुस्तकांचं दुकान घ्या. शटर वर आहे, मालक गल्ल्यावर आहे, गिऱ्हाईक अजून नाही: ही ‘लिसनिंग’. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून यादी वाचून दाखवतंय: ‘एस्टॅब्लिश्ड’.

‘सिन सेंट’ म्हणजे आपण बेल वाजवली, आतून अजून ‘कोण?’ सुद्धा आलं नाही. ही स्थिती एरवी डोळ्याला दिसणारही नाही इतकी अल्प असते. ती काही सेकंद टिकली तर समोरचं यंत्र बंद आहे, पत्ता चुकलाय, किंवा मधली फायरवॉल, म्हणजे कुणाला आत सोडायचं ते ठरवणारा राखणदार, आपली बेल गुपचूप गिळते आहे. दुसऱ्या खोलीतल्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर उघडत नसेल तेव्हा हे एवढं पाहिलं तरी दिशा मिळते: सिन सेंट अडकून राहिलं तर फायरवॉल आणि पत्ता तपासा, ‘कनेक्शन नाकारलं’ असं झटकन उत्तर आलं तर यंत्र जागं आहे, पण त्या पोर्टवर बहुधा कोणीच ऐकत नाही.

‘टाइम वेट’ बघून लोक उगाच घाबरतात, कारण त्या ओळी ढीगभर असतात. वाड्यातला भाडेकरू खोली सोडून गेला तरी काही दिवस त्याची पत्रं येत राहतात. त्याच दिवशी नव्या भाडेकरूची पाटी लावली तर पत्रं चुकीच्या हाती पडतील. कॉम्प्युटरही बोलणं संपल्यावर त्या दोन टोकांची जोडी थोडा वेळ राखून ठेवतो, म्हणजे वाटेत रेंगाळलेले तुकडे नव्या बोलण्यात मिसळत नाहीत. लिनक्सवर हा काळ ६० सेकंदांचा असतो. तो संपला की ओळ आपोआप जाते.

‘क्लोज वेट’ वेगळी, आणि तिच्याकडे मात्र लक्ष द्या. समोरच्याने फोन ठेवला आहे, आपला प्रोग्राम अजून कानाला लावून बसलाय. एक-दोन ओळी काही बिघडवत नाहीत. पण एकाच पीआयडीच्या शेकडो क्लोज वेट साठत गेल्या तर त्या प्रोग्राममध्ये चूक आहे. तो कनेक्शन बंद करायला विसरतोय. लिनक्सवर एका प्रोसेसला एका वेळी उघडता येणाऱ्या फायलींची नेहमीची मर्यादा १०२४ असते आणि प्रत्येक कनेक्शन त्यातच मोजलं जातं. म्हणून असा सर्व्हर सकाळी नीट चालतो आणि संध्याकाळी ‘फार फायली उघड्या आहेत’ म्हणत कोलमडतो. रीस्टार्ट केल्यावर पुन्हा दिवसभर चालतो. दुखणं नेटवर्कचं नसून प्रोग्रामचं असतं, तेव्हा इंटरनेट कंपनीशी भांडून उपयोग नाही.

यूडीपीच्या ओळींना स्थितीच नसते. पोस्टकार्डाला ‘चालू बोलणं’ कुठून असणार? विंडोजवर त्यांच्यापुढे समोरचं टोकही दिसत नाही, दोन तारे आणि मधे दोन टिंबं दिसतात. एक मेख लक्षात ठेवा: आजचे ब्राउझर बऱ्याच मोठ्या साइटशी क्विक नावाच्या नव्या पद्धतीने यूडीपीवरून बोलतात. त्यामुळे पडद्यावर व्हिडिओ चालू आहे आणि टीसीपीच्या यादीत त्याची ओळच नाही, असं होऊ शकतं.

दार कुणीकडे उघडतं

‘लिसनिंग’च्या ओळी तपासताना पोर्टाइतकंच त्याच्या आधीच्या पत्त्याकडे बघा. वाड्याची दारं तीन प्रकारची असतात.

१२७.०.०.१ म्हणजे माजघरातलं दार. ते फक्त आतल्या आत उघडतं, बाहेरचा माणूस त्याच्यापर्यंत पोचूच शकत नाही. १९२.१६८.१.७ सारखा पत्ता म्हणजे बोळाकडचं दार. आणि ०.०.०.० म्हणजे जितकी दारं आहेत तितकी सगळी उघडी. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत हेच चौकटी कंसांतल्या दोन जोड-टिंबांनी दाखवतात, आणि आतल्या दाराच्या टिंबांपुढे १ असतो.

उबुंटूवर मायएसक्यूएल डेटाबेस घातला तर तो सुरुवातीला १२७.०.०.१:३३०६ वर ऐकतो. ही मुद्दाम ठेवलेली खबरदारी आहे. प्रोजेक्टच्या घाईत दुसऱ्या लॅपटॉपवरून जोडता येत नाही म्हणून मुलं ते ०.०.०.० करून टाकतात, काम होतं, आणि तो बदल तसाच विसरला जातो. घरच्या राउटरमागे तेवढ्याने लगेच आग लागत नाही. हाच सर्व्हर भाड्याच्या क्लाउडवर, थेट इंटरनेटच्या रस्त्यावर असेल तर मात्र तो विसरलेला एक बदल सगळा डेटा उघड्यावर ठेवतो. क्लाउडवर काहीही चढवलं की त्याच संध्याकाळी ही यादी बघायला हवी, यावर आमचा आग्रह आहे.

विंडोजवर ०.०.०.० पुढे १३५, ४४५, ७६८० आणि ४९६६४ पासूनचे काही आकडे जवळपास नेहमी दिसतात. ती विंडोजची स्वतःची कामं आहेत. ७६८० तर अपडेट एकमेकांत वाटून घेण्यासाठी असतो. पण ‘लिसनिंग’ म्हणजे ‘बाहेरून पोचता येतं’ असं नव्हे. दुकानाचं शटर वर असेल, पण बोळाच्या तोंडाशी राखणदार कुणाला आत सोडत नसेल. तो राखणदार म्हणजे फायरवॉल, आणि त्याने कुणाला अडवलं हे नेटस्टॅटला माहीत नसतं.

म्हणून फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेत वायफाय जोडलं की विंडोजच्या सेटिंगमध्ये ते नेटवर्क ‘पब्लिक’ आहे ना, हे बघाच. ‘प्रायव्हेट’ निवडलं तर राखणदार त्या अनोळखी गर्दीला घरचे लोक समजतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम जगभर पसरला तो ४४५ याच दारातून, आणि पसरला ते मार्चमध्ये आलेलं अपडेट ज्यांनी घातलं नव्हतं त्यांच्याकडे.

‘पण पत्ता खरंच अमेरिकेतला निघाला!’

निघणारच. आपण वापरतो त्या बहुतेक सेवांचे मालक तिथलेच आहेत. पत्ता कुणाचा हे बघायला एनएसलुकअप ही कमांड आणि तिच्यापुढे तो पत्ता लिहा. नावाच्या शेवटी १ई१००.नेट आलं तर ते गुगल: १ वर १०० शून्यं, म्हणजे गुगोल, त्यावरून ते नाव. नाव मिळालं नाही तर हूइज या नोंदवहीत शोधता येतं. आशिया-पॅसिफिकचे पत्ते एपीएनआयसी ही संस्था वाटते, भारतातले आयआरआयएनएन.

मात्र या शोधाला फार किंमत देऊ नका. भल्या वेबसाइट आणि बुऱ्या वेबसाइट दोघीही त्याच मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर भाड्याने घेतात. अ‍ॅमेझॉन, क्लाउडफ्लेअर किंवा अकामाई हे नाव आलं म्हणून ओळ निर्दोष ठरत नाही, आणि अनोळखी देश आला म्हणून गुन्हेगारही ठरत नाही. देशापेक्षा प्रोग्राम विचारा. तो मी घातला होता का? त्याची फाइल योग्य जागी आहे का? त्याने आत्ता बाहेर बोलायचं कारण काय? कॅल्क्युलेटरने ४४३ वर बोलावं याला सहसा कारण नसतं, ब्राउझरला असतं.

‘एनीडेस्कची ओळ दिसतेय, म्हणजे कोणी आत बसलंय का?’

दूरवरून कॉम्प्युटर चालवू देणारी ही अ‍ॅप कायदेशीर आहेत, ऑफिसांत रोज वापरली जातात. म्हणूनच अँटीव्हायरस त्यांच्याबद्दल गप्प बसू शकतो. त्यांच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं.

एनीडेस्क ७०७० आणि ६५६८, टीमव्ह्यूअर ५९३८ हे पोर्ट वापरतं; पण दोन्ही ४४३ वरूनही चालतात, त्यामुळे पोर्ट नसला म्हणून अ‍ॅप नाही असं धरू नका, पीआयडीवरून नाव बघा. दुसरी गोष्ट: असं अ‍ॅप नुसतं चालू असलं तरी आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी ‘एस्टॅब्लिश्ड’ राहतं, म्हणजे ओळ असणं आणि कोणी पडदा बघत असणं एक नव्हे. तिसरी: दिसणारा पत्ता मधल्या सर्व्हरचा असू शकतो, फसवणाऱ्याचा नव्हे. त्यावरून चोराचं गाव शोधत बसू नका.

कोणी सांगितलं म्हणून असं अ‍ॅप घातलं असेल आणि शंका आली, तर क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी इंटरनेट तोडा: वायफाय बंद करा, केबल असेल तर ओढा. त्या क्षणी समोरच्याचा हात सुटतो. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर मदतक्रमांकाला फोन. जितक्या लवकर, तितके पैसे मधेच अडवले जाण्याची शक्यता जास्त. अ‍ॅप घाईघाईने अनइन्स्टॉल करू नका. एनीडेस्क येणाऱ्या जोडण्यांची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं आणि तक्रारीच्या वेळी ती कामी येते. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून.

‘काहीच वावगं दिसलं नाही, म्हणजे सुटलो?’

नाही. नेटस्टॅट म्हणजे एका क्षणाचा फोटो आहे. एखादा दुष्ट प्रोग्राम तासाला एकदा दोन सेकंद घरी फोन करत असेल तर फोटोत तो नेमका सापडेलच असं नाही. कमांडच्या शेवटी जागा सोडून ५ लिहिलं तर दर पाच सेकंदांनी नवी यादी येते. थांबवायला कंट्रोल आणि सी. तेच डोळ्यांना सोप्या रूपात हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचं टीसीपीव्ह्यू नावाचं फुकट साधन आहे, त्यात नव्या ओळी हिरव्या आणि जाणाऱ्या लाल दिसतात.

कोणाशी बोलणं चाललंय हे नेटस्टॅट सांगतं, काय बोलणं चाललंय ते सांगत नाही. आणि जो दुष्ट प्रोग्राम विंडोजच्या पार मुळाशी शिरला आहे तो स्वतःची ओळ यादीतून लपवूही शकतो. त्याच घरातल्या माणसाला साक्ष विचारली तर तो खरं सांगेलच असं नाही. तेव्हा राउटरवरून किंवा दुसऱ्या यंत्रावरून बघावं लागतं. शिवाय ही यादी एकाच यंत्राची. सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर कोणाशी बोलतो हे आपल्या लॅपटॉपवर दिसणार नाही. फोनवरही हा मार्ग जवळपास बंद आहे, कारण अँड्रॉइड १० पासून साध्या अ‍ॅपना दुसऱ्यांची कनेक्शनं बघू देत नाहीत.

दुकानात, ऑफिसात आणि कॉलेजात

हिंजवडीपासून होस्टेलच्या खोल्यांपर्यंत या कमांडचा रोजचा उपयोग वेगळाच असतो. प्रोग्राम सुरू करायला जावं तर ‘हा पत्ता आधीच वापरात आहे’ अशी चूक येते. एका खोलीत दोन बिऱ्हाडं राहू शकत नाहीत. मग नेटस्टॅट -एएनओ, उभी रेघ, फाइंडस्ट्र आणि :८०८० असं लिहायचं; तेवढ्याच ओळी गाळून येतात. (:८० शोधलं तर ८०८० पण सापडतो, हे ध्यानात असू द्या.) पीआयडी मिळाला की टास्क मॅनेजरमधून तो प्रोग्राम बंद करा. ९००० वर टॅलीशी भांडणारा दुसरा कोणी असेल तर तोही असाच पकडता येतो.

संस्थांसाठी प्रश्न अधिक गंभीर होतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि दोन टप्प्यांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमचे व्यवहार बँकेच्या खऱ्या यंत्रणेकडे न जाता एक बनावट यंत्रणाच त्यांना मंजुरी देत होती. एका कमांडने तो हल्ला थांबला असता असं म्हणणं खोटं ठरेल. पण सर्व्हरच्या देखभालीचा पहिला प्रश्न त्यातून नेमका समोर येतो: या यंत्राने कोणाकोणाशी बोलणं अपेक्षित आहे, आणि त्या यादीबाहेरचं कोणी आहे का? छोट्या सहकारी संस्थेतही ही यादी कागदावर हवी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सहा तासांत यादी नव्याने तयार करत बसायला वेळ नसतो.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर आता नेटस्टॅटऐवजी एसएस ही कमांड वापरतात: सुडो एसएस -टीयूएलपीएन. टी आणि यू म्हणजे टीसीपी आणि यूडीपी, एल म्हणजे फक्त ऐकणारी दारं, पी म्हणजे प्रोग्राम, एन म्हणजे आकडे. सुडो म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालवणं; ते विसरलात तर दुसऱ्यांच्या प्रोग्रामची नावं रिकामी येतात. चालू बोलणीही हवी असतील तर एल काढून ए घाला.

मॅकवर नेटस्टॅटची अक्षरं वेगळी आहेत, विंडोजची जशीच्या तशी चालत नाहीत. तिथे सुडो एलएसओएफ -आय -एन -पी वापरा. यातलं पी मोठ्या लिपीतलं, आय आणि एन छोट्या. पी छोटं पडलं तर कमांड भलताच अर्थ लावते.

यादी कधी काढायची

आजच, सगळं ठीक असताना. आजारी पडल्यावर ताप मोजतात, पण आपलं एरवीचं तापमान माहीत असलं तरच त्या आकड्याला अर्थ येतो. नेटस्टॅट -एएनओ पुढे ‘पेक्षा मोठं’ हे चिन्ह आणि फाइलचं नाव दिलं की यादी पडद्यावर न येता फाइलमध्ये जाते. हे साध्या कमांड प्रॉम्प्टमधून करा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीतून केलं तर फाइल सिस्टिम३२ मध्ये जाऊन बसते आणि मग सापडत नाही. पीआयडी दर वेळी बदलतात, म्हणून प्रत्येक ‘लिसनिंग’ ओळीसमोर प्रोग्रामचं नाव हाताने लिहा. साधारण वीस मिनिटांचं काम आहे. फाइलच्या नावात तारीख घाला, एक छापील प्रत राउटरच्या पावतीसोबत ठेवा, आणि नवं सॉफ्टवेअर घातलं की नवी यादी काढून जुनीशेजारी धरून बघा.